ठमाचा इसहाक

कुबराबीने आपल्या मुलाला चारचौघांत कधी ‘माझा’ म्हटलं नाही. ती ‘ठमाचा’ म्हणायची. ठमाचा जेवला का. ठमाच्याला ताप हाय. बोर्ली पंचतनच्या बाजारात एखादा नवखा विचारायचा, ही ठमा कोण? लोक दुसरंच काही बोलू लागायचे.

तिचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं, रेवदंड्याला. मुलगा झाला. बाराव्या दिवशी गेला. दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले, तेव्हा आईने तिला पुन्हा रेवदंड्यालाच बोलावून घेतलं. या खेपेला मूल रडलं तशी सुईण ठमाबाई उठली. तिने सुपात कोंडा घेतला, कुबराबीच्या उशाशी ओतला आणि मूल आपल्या पदरात घेतलं.

“ह्यो माझा,” ती म्हणाली. “मी इकत घेतला. तू निसती दूध पाजणारी.”

पहिल्याच्या वाटेने दुसरा जाऊ नये म्हणून भंडाऱ्यांत, कोळ्यांत असं करत. मुसलमानांच्या घरांतही करत, फक्त मौलवींच्या कानावर घालत नसत. मुलाच्या लग्नाच्या वेळी सूपभर कोंडा परत द्यायचा आणि मूल आपलं म्हणायचं. तोवर आईने तो शब्द तोंडातून काढायचा नाही. काढला तर ज्याच्यापासून मूल लपवलं, त्याला ते दिसतं.

कुबराबीने एकवीस वर्षं काढला नाही. नवरा बोटीवर खलाशी होता. तो एडनला तापाने वारला, त्या दिवशी सात वर्षांच्या इसहाकला पोटाशी धरून ती रडली. तेव्हाही बायकांनी ऐकलं ते इतकंच, “आता ठमाच्याचं कसं व्हायचं?”

धाकट्या दिराने, हमदुल्लाने, दोघांना सांभाळलं. हमदुल्ला सुपारीचा व्यापारी. बोलका, भित्रा, मनाने चांगला. पुतण्या अरबी चांगली शिकला, तेव्हा त्याने १९३४ साली त्याला हजला धाडलं. मुंबईला स्वतः नेऊन हाजींचा पास काढून दिला. फॉर्म स्वतः भरला, खाली सहीही स्वतःच केली.

इसहाक हजहून परतला नाही. वैशाखात त्याचं पाकीट आलं. त्यावर मिसर देशाचं तिकीट होतं.

हमदुल्लाने पडवीत बसून पत्र वाचलं. कुबराबी उंबऱ्यात उभी होती.

इसहाकने लिहिलं होतं की मक्केहून तो एका काफिल्याबरोबर कैरोला आला. तिथल्या अल-अझहरमध्ये एका उस्तादांनी त्याची परीक्षा घेतली आणि शिकायला बस म्हणाले. पण त्याचा पास हाजीचा. हाजीने हज करावा आणि घरी जावं. विद्यार्थी म्हणून राहायचं तर पास बदलून घ्यावा लागतो. तो इंग्रजांच्या कचेरीत गेला. साहेबाने पास पाहिला. म्हणाला, तू बोर्लीत जन्मलास, म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाची प्रजा. तुझ्यासाठी तुझ्या दरबाराने लिहायला हवं, ते वरच्या साहेबाने पुढे धाडायला हवं. वर्ष जाईल. तुझी मुदत पंधरा ऑगस्टला संपते.

“मग मी सांगितलं,” इसहाकने लिहिलं होतं, “की मी जन्मलो रेवदंड्याला, नानीच्या घरी. ते इंग्रजी मुलखात आहे. साहेब म्हणाला, तसं असेल तर अलिबागच्या मामलेदाराचा एक दाखला पुरे. पण मग पासावर बोर्ली कोणी लिहिलं? खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. दाखला वेळेत आला नाही तर तुला पोलिसांच्या हवाली करून बोटीत बसवीन. चाचा, मला फार भीती वाटते आहे. अम्माला सांगू नका.”

हमदुल्लाने हे शेवटचंही वाचून टाकलं. मग त्याने पत्राची घडी घातली.

“भाभी, तो फॉर्म मी भरला,” तो म्हणाला. “सही माझी हाय.”

“मग बोर्ली कशाला लिवलंस?”

“फॉर्मात विचारलं होतं, गाव कंचं. मी गाव लिवलं. बापाचं गाव तेच पोराचं गाव. बाळंतीण कुठं निजली होती ते कोण लिवतो?”

“आता सांगायचं, चुकून लिवलं.”

“कोणाला सांगायचं? मामलेदाराला? तो मलाच आत टाकील.” हमदुल्ला उठला आणि परत बसला. “त्यापेक्षा येऊ दे पोराला घरी. इथं काय कमी हाय?”

कुबराबीला घरी येणाऱ्या बोटीचं भय नव्हतं. पोलिसांच्या हवाली हे शब्द तिच्या कानांतून जात नव्हते. एडनहून नवऱ्याच्या सामानाची पेटी आली होती, तीही पोलिसांच्याच हातून. बंदरावर एका शिपायाने ती तिच्यापुढे ठेवली होती.

“पावसाळ्यासाठी मचवे कधी वर काढतात?” तिने विचारलं.

“धा-बारा दिसांत. का?”

“मला रेवदंड्याला ने.”

दिघीहून मचवा सुटला तेव्हा दर्या जरा उसळत होता. जंजिऱ्याचा किल्ला मागे पडला, मुरूड मागे पडलं. हमदुल्ला सारखा बोलत होता. कचेरीत कोण काय विचारील, आपण काय सांगायचं. कुबराबी काही ऐकत नव्हती. दाखला मिळवायचा म्हणजे साहेबापुढे उभं राहून इसहाक कोणाचा ते सांगायचं, हे तिला दिघी सोडताना कळलं होतं. पाण्याकडे पाहायचं तिने टाळलं.

ठमाबाई वाडीत झावळ्या विणत बसली होती. दात गेले होते, आवाज शाबूत होता.

“कुबरा? आन् ह्यो सुपारीवाला? माझा पोर कुठाय?”

कुबराबीने सगळं सांगितलं. पाटलाच्या वहीत जन्माची नोंद असेल, तिची नक्कल घेऊन अलिबागेला जायचं, असं ती म्हणाली.

ठमाबाईचे हात थांबले.

“वहीत तुझं नाव न्हाय, बाय.”

“म्हणजे?”

“वर्दी माझ्या घोवानं दिली. अंबाजीनं. लिवलंय, अंबाजीला मुलगा झाला, आई ठमा.” ती कुबराबीकडे पाहत राहिली. “तुझं नाव लिवलं असतं तर इकत घेतलेला काय कामाचा? वही तर समद्यांना दिसती. त्यालाबी दिसली असती.”

हमदुल्ला ओट्यावर बसला. “म्हणजे सरकारात दोन खोटी,” तो म्हणाला. “एक माझं, एक हिचं. भाभी, परत जाऊ या. मचवा अजून बंदरात हाय.”

“गप रे,” ठमाबाई म्हणाली. “माझं लुगडं बदलून होईस्तोवर तांगा बघ.”

“तुला पण धरतील, ठमाबाई,” कुबराबी म्हणाली.

“धरू दे. दोन वेळचं खायला सरकार घालील.” पण लुगड्याच्या निऱ्या घालताना तिला दोनदा सोडून घालाव्या लागल्या.

अलिबागच्या मामलेदार कचेरीच्या आवारात तांगा थांबला. आत शिरायच्या आधी ठमाबाईने कुबराबीचा हात धरला.

“आत काय सांगणार हायस?”

कुबराबीने कचेरीच्या दाराकडे पाहिलं.

“‘माझा’ असं सांगशील ना? मग असं न्हाय जमायचं. आधी परत घे. माझा असताना तुझा म्हणालीस तर त्याच्या जिवाला लागंल.”

“लगीन झालं न्हाय त्याचं,” कुबराबी म्हणाली. “लग्नाच्या आधी परत घेतलेलं कोणाचं जगलंय?”

ठमाबाईने खरं तेच सांगितलं. “मी दुसऱ्या कोणाचं आधी दिलेलं न्हाय. मला ठावं न्हाय. पण चोरून म्हणण्यापरीस घेऊन म्हटलेलं बरं.”

कोंडा हवा होता. कचेरीच्या आवारात कोंडा कुठला? हमदुल्ला कपाळाला हात लावून उभा होता. तांगेवाल्याने घोड्याच्या तोंडाला पिशवी बांधली होती. ठमाबाईने बोटाने दाखवलं.

“जा, माग.”

“घोड्याचं खाणं?”

“कोंडा तो कोंडा. माग.”

हमदुल्लाने तांगेवाल्याला कसंबसं सांगितलं. वाटलं होतं, माणूस हसेल. तो हसला नाही. त्याने पिशवी सोडली. ओंजळ भरून कोंडा काढला, त्यातले हरभरे वेचून घोड्याला दिले.

“घ्या,” तो म्हणाला. “मलापण आयेनं असाच सोडवून घेतला होता. म्हणून तर नाव कोंडाजी.”

“कधी? लग्नात?” कुबराबीने घाईने विचारलं.

“व्हय. लग्नात.”

तिने ओंजळ पुढे केली. कोंडा घोड्याच्या लाळेने ओलसर होता. तिने तो ठमाबाईच्या पदरात टाकला. ठमाबाई म्हणाली, “घे, तुझा तुला.” एकवीस वर्षं तीही ईदेला शेवयांची वाट बघायची आणि शेजारणींना सांगायची, माझ्या लेकाकडून आल्यात.

आत बाळाजी कारकुनाने अर्ज ऐकून घेतला. जुनं दप्तर काढलं. एका ओळीवर बोट ठेवून तो थांबला, मग वर पाहून म्हणाला, “गावं दोन, आया दोन, बाप दोन. मुलगा तरी एकच आहे ना?”

त्याने तिघांना मामलेदारापुढे उभं केलं.

मामलेदार वयाने फार नव्हते. त्यांनी नोंद वाचली, इसहाकचं पत्र वाचून घेतलं.

“ठमाबाई, सरकारी वहीत तुमच्या नवऱ्याने खोटी वर्दी दिली?”

“खोटी कशी, साहेब? कोंडा दिला होता मी. माझाच व्हता.”

“आणि आता?”

“आता हिला परत दिला.”

“केव्हा?”

“आत्ता. भायेर. तांग्यापाशी.”

बाळाजीने मान खाली घातली. मामलेदारांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“पासाचा फॉर्म कोणी भरला?”

“मी,” हमदुल्ला म्हणाला, आणि मग त्याला थांबता येईना. “साहेब, मला जन्मगाव म्हणजे काय ते कळलं न्हाय. मी काय लपवायला लिवलं न्हाय. माझी पण दोन पोरं त्यांच्या आजोळी झालीत, त्यांचं पण गाव बोर्लीच सांगतो. मला धरा, पण पोराला—”

“तुम्हाला कोण धरतंय? गप्प उभे राहा.”

मामलेदारांनी कागद पुढे ओढला. म्हणाले, वहीतली नोंद ते बदलू शकत नाहीत. तिघांची जबानी शपथेवर लिहून घेतील, तिच्यावर दाखला देतील. जबानी खोटी निघाली तर तिघंही तुरुंगात जातील. मग ते कुबराबीकडे वळले.

“बाई, इसहाक कोणाचा मुलगा?”

खिडकीबाहेर घोड्याने फुरफुर केलं. कैरो कसं असतं ते कुबराबीने पाहिलं नव्हतं. तिला एक खोली दिसत होती आणि खोलीत निजलेला मुलगा, तोंड भिंतीकडे. आपण शब्द काढू आणि तिथे दार उघडेल.

“बाई, मला लिहायचं आहे.”

“माझा,” ती म्हणाली.

“मोठ्याने सांगा.”

“इसहाक माझा मुलगा. माझ्या पोटचा.”

टाक चालू लागला. बाळाजीने शाईची गादी पुढे केली. तिच्या अंगठ्याचा ठसा नीट उठला नाही. दुसऱ्यांदा त्याने तिचं मनगट धरून अंगठा दाबला.

दाखला त्याच दिवशी रजिस्टर टपालाने गेला. कुबराबी आणि हमदुल्ला घरी पोचल्यावर चार दिवसांनी मचवे वर काढले.

मग कुबराबी दिवस मोजू लागली. पहिला मुलगा बाराव्या दिवशी गेला होता. बारावा दिवस आला. तिने चूल पेटवली नाही. जपाची माळ घेऊन बसली. दिवस मावळला, काही झालं नाही, आणि तिच्या लक्षात आलं की काही झालं असतं तरी तिला कळलं नसतं. दर्यापलीकडे तो बारावा दिवस होऊन गेला असेल, आणि ती इथे दोन महिने त्याच्यासाठी दुवा मागत बसेल. त्यानंतर तिने मोजणं सोडलं नाही, पण कशासाठी मोजते ते तिला सांगता आलं नसतं. दारावर कुणी खाकरलं की ती भिंत धरायची. हमदुल्ला दुकानातून अवेळी घरी आला की ती त्याच्या हातांकडे बघायची, कागद आहे का.

ऑगस्टची पंधरा तारीख गेली. पत्र नाही.

सप्टेंबरात आलं. हमदुल्ला धावत आला आणि दारातूनच ओरडला, “मिळालं.”

कुबराबी तांदूळ निवडत होती. उठली नाही.

“वाच.”

दाखला वाटेत रखडला होता, मुदतीच्या नऊ दिवस आधी पोचला. साहेबाने हाजीचा पास ठेवून घेतला, विद्यार्थ्याचा दिला. एक वर्षापुरता. पुढच्या वर्षी तो पुन्हा नवा करावा लागेल. त्यासाठी अलिबागहून आईची ताजी जबानी लागेल, हीच, शपथेवर. इसहाकची तब्येत बरी होती. त्याने विचारलं होतं, अम्मा साहेबापुढे काय म्हणाली? दाखल्यात इंग्रजीत लिहिलंय, पण मला तिच्या तोंडचं हवंय.

“तारीख कंची घातलीय?” कुबराबीने विचारलं.

हमदुल्लाने पाहिली. मनात हिशेब केला. “तेवीस दिवस झाले.”

“म्हणजे तेवीस दिसांमागं तो बरा होता.”

“भाभी, आतापण बराच असंल.”

ती सुपातले तांदूळ इकडचे तिकडे करत राहिली.

“पत्राला जबाब काय लिवू?” हमदुल्लाने विचारलं. “आणि पुढच्या साली? परत तिथं उभं राहायचं? परत तसं बोलायचं? सोसंल तुम्हाला?”

“मचवे वर काढायच्या आत निघू,” कुबराबी म्हणाली. तिने हात तांदळात खुपसले आणि तसेच ठेवले. “लिव, आई पुढच्या साली पण कचेरीत येऊन सांगंल.”