बघणाऱ्याने हलायचं नाही

आमच्या दादाला फेरीबोटीवर कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला खांब म्हणतात, आणि ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं. दादा एकदा उभा राहिला की उभाच राहतो, लोक त्याला वळसा घालून जातात. एकदा गर्दीत एका बाईंनी त्याच्या कोपराला आपली छत्री अडकवली होती. फेरी धक्क्याला लागेपर्यंत याने ती तशीच सांभाळली, आणि बाई विसरून उतरल्या तेव्हा छत्री द्यायला मागे धावला.

लहानपणी आई त्याला दुधावर लक्ष ठेवायला बसवायची. दूध वर आलं की हा भांड्याकडे बोट दाखवून ओरडायचा, "आई, उतू चाललं!" आई येईपर्यंत निम्मं दूध शेगडीवर. "अरे मेल्या, गॅस बंद करायला काय हात मोडले होते?" यावर हा शांतपणे म्हणायचा, "तू लक्ष ठेव म्हणालीस." आई कपाळावर हात मारून घ्यायची आणि मी पोट धरून हसायचे. पुढे याच गुणावर त्याला नोकरी मिळेल असं तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं.

आमची फेरी म्हणजे या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली आणि चार मोटारी नेणारं रुंद, बुटकं जहाज. दिसायला साबणाच्या डबीसारखं. दादा तिच्यावर खलाशी आहे. मी धक्क्यावरच्या गोदामात शिलाई मशीन चालवते. लाइफ जॅकेटचे पट्टे, डेकवरची ताडपत्री, सगळं माझ्या सुईखालून जातं. त्यामुळे फेरीचे नियम मलाही पाठ आहेत.

माणूस पाण्यात पडला तर काय करायचं, ते असं. जो बघेल त्याने आधी मोठ्याने ओरडायचं, "माणूस पाण्यात!" जवळ असेल त्याने पाण्यावर तरंगणारं नारिंगी कडं फेकायचं. कोणीतरी कप्तानाला सांगायचं. कप्तान भोंगा वाजवतो आणि फेरी अशी वळवतो की मागचा पंखा पडलेल्या माणसापासून लांब जावा. उडी कोणीही मारायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याने पडलेल्याला पाहिलं त्याने त्याच्याकडे बोट दाखवून उभं राहायचं. धावायचं नाही, कडं फेकायचं नाही, कोणी काही विचारलं तर मान वळवायची नाही. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं. पापणी लवली की गेलं. कप्तानाला वरून माणूस दिसत नाही, त्याला बोट दिसतं, आणि तो बोटाच्या दिशेने फेरी नेतो.

बाकीच्यांना हे काम जड जायचं. माणसाला संकटात काहीतरी करावंसं वाटतं, नुसतं उभं राहणं जमत नाही. दादाला जमायचं. सराव असला की खलाशाच्या डांगरीत, म्हणजे अंगभर कामाच्या कपड्यात, रिकाम्या बाटल्या भरून केलेला पुतळा पाण्यात टाकायचे. त्याला सगळे पाहुणा म्हणायचे. पाहुणा पाण्यात पडला की दादाचं बोट वर जायचं आणि त्याला परत डेकवर ओढेपर्यंत खाली यायचं नाही. कप्तान म्हणायचा, "खांब बघतोय ना? मग मला काळजी नाही."

याच फेरीवर माझा नवराही खलाशी होता. त्याचं टोपणनाव मासा. धक्क्यावर त्याच्यासारखा पोहणारा दुसरा नव्हता आणि हे तो कोणाला विसरू द्यायचा नाही. स्थळ दादानेच आणलं. घरी येऊन आईला म्हणाला, "माणूस बडबड्या आहे, पण हिला तसाच लागेल." लग्नात सगळ्यांनी एकच विनोद पुन्हा पुन्हा केला, की खांबाच्या बहिणीने पाण्यातला नवरा केला. मासा माझ्या भावाची दिवसभर थट्टा करायचा. "खांबा, हलतोस का जरा? तुझ्यावर शेवाळ येईल." दादा हसायचा. दुसऱ्या कोणाच्या थट्टेला तो हसल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी वारा होता, पण वारा इथे रोजच असतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांची टोपी उडाली. टोपी धरायला ते कठड्यावरून वाकले आणि टोपीमागोमाग गेले. दादाने पाहिलं, ओरडला, बोट वर केलं. कडं फेकलं गेलं, पण वाऱ्याने लांब पडलं. म्हातारबुवांना ते धरता येईना. मासा पलीकडच्या बाजूला दोरखंड गुंडाळत होता. तो धावत आला आणि बुटांसकट उडी मारली.

पाणी बर्फासारखं गार होतं. अशा पाण्यात चांगल्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो, हेही नियमांच्या तक्त्यावर लिहिलेलं आहे. म्हातारबुवांपर्यंत तो पोचलाच नाही. त्यांना मात्र फेरीने नेमकं गाठलं, कारण दादाचं बोट तसूभर हललं नव्हतं. जाळं टाकून त्यांना वर घेतलं. मग सगळ्यांनी माशाला शोधायला मान वळवली, तर पाणी नुसतंच पाणी. डेकवर एवढी माणसं, पण प्रत्येक जण बोटाच्या दिशेने बघत होता. इतर खलाशांना वाटलं, खांब बघतोय, म्हणजे दोघांनाही बघतोय. वर्षानुवर्षं त्याच्या नजरेवर विसंबायची सवय लागलेली. त्याच्या भरवशावर दुसऱ्या कोणी बघितलंच नाही.

मी गोदामात भोंगा ऐकला. वाटलं, सराव असेल. हातातली शिवण पुरी करून दोरा तोडला आणि मग बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या काठाला सापडला. मी रडले नाही. बायका आल्या, मला मिठ्या मारून रडल्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दातांचा डॉक्टर भूल देतो तेव्हा गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं मला आतून झालं होतं. घशाखाली चहा जायचा, पण तो गरम होता की गार ते कळायचं नाही. मी आईकडे राहायला आले. तिथे दादाही राहतो. तीन खोल्या, एक मोरी आणि एकच जेवणाचं टेबल, तेव्हा कोणाला टाळायची सोय नाही.

चौकशी झाली. साहेबांनी दादाला विचारलं, "उडी कोणी मारली ते तुम्हाला कळलं होतं का?" दादा म्हणाला, "मी वळून बघितलं नाही." साहेबांनी मान हलवली, नियम बरोबर पाळला म्हणाले. पण मी माझ्या भावाला ओळखते. त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून तो विचारलेलं सोडून शेजारचं उत्तर देतो. कळलं होतं की नव्हतं, हे त्याने सांगितलंच नव्हतं.

मला तेवढंच कळायला हवं होतं. कळलं नसेल, तर ते नशीब, आणि नशिबाशी भांडून कोणाचं भलं झालं आहे? पण पाण्यात माझा नवरा आहे हे कळूनही तो एका टोपीवाल्याकडे बघत राहिला असेल, तर या माणसाच्या समोर बसून मला यापुढे चहा पिता येईल का, हे मला ठरवायचं होतं. विचारत मात्र नव्हते. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं.

म्हणून मी त्याच्याशी बोलणंच सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. "आई, त्याला सांग, किल्ली खुंटीवर आहे." "आई, तिला विचार, दिवा बंद करू का." आई आमचं टेलिफोन एक्स्चेंज झाली. एक दिवस वैतागून म्हणाली, "मी मेले की काय चिठ्ठ्या पाठवणार आहात एकमेकांना?" दादाने तांब्यातून पाणी ओतून घेतलं. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "अगं, डोळे दोन असले तरी नजर एकच असते माणसाला." मी म्हटलं, "मला माहितेय आई," आणि ताट उचलून मोरीत ठेवलं.

ते टोपीवाले गृहस्थही एकदा येऊन गेले. टोपी मिळाली होती त्यांना, म्हणजे बघा. ती मांडीवर ठेवून बसले. "माझं वय झालंय हो," म्हणाले, "माझ्यासाठी असं व्हायला नको होतं." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला असता तर बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "चहा निवतोय." त्यांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. दादा दारात उभा होता. त्यांनी त्याला हात जोडले, तर हा खिडकीबाहेर बघायला लागला.

मग जुना पाहुणा फाटला. गोदामाच्या मुकादमाने मला नवा शिवायला सांगितलं. पाहुण्याला एक जुनी डांगरी लागते. मुकादम देणार होता, पण मी म्हटलं माझ्याकडे आहे. माशाची दुसरी, घरी राहिलेली नारिंगी डांगरी कपाटात पडून होती, गुडघ्याला मीच लावलेलं निळं ठिगळ. तिच्यात रिकाम्या बाटल्या भरल्या, पाय खाली राहावेत म्हणून पायांत वाळू, डोक्याला बुचाचा गोळा. मुद्दाम केलं का? हो, मुद्दाम. म्हटलं, दादा, त्या वेळी नाही बघितलंस ना, आता बघ. तो बघत असताना मला त्याचं तोंड बघायचं होतं. त्यावर मला उत्तर मिळालं असतं आणि विचारावं लागलं नसतं.

सरावाच्या दिवशी फेरीवर प्रवासी नव्हते. मी कप्तानाला म्हटलं, पाहुण्याची शिवण टिकते का ते बघायला येते. तो माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "ताई, जॅकेट घाला." त्या अपघातानंतर त्याने तक्त्यावर एक नवी ओळ लिहून घेतली होती: दुसरा पडला तर दुसरं बोट. पाहुणा केव्हा आणि कुठून टाकणार, हे हल्ली तो कोणाला आधी सांगत नाही.

मी कठड्याला टेकून दादावर नजर ठेवून होते. तो पुढच्या टोकाला दोर बांधत होता, माझ्याकडे पाठ करून. आणि माझ्याच बाजूला, मागच्या अंगाला, काहीतरी नारिंगी खाली गेलं.

माझ्या तोंडून ओरड निघाली, "माणूस पाण्यात!" हात आपोआप वर गेला. बाकीचे धावले, कडं गेलं, भोंगा वाजला. मी बघत होते. पाहुणा पालथा झाला, उलटला, लाटेआड गेला. गेला त्या जागेवरच मी बोट धरून ठेवलं. दिसला तो निळ्या ठिगळावरून. फेरी वळायला लागली, पायाखालचा डेक सरकला, आणि मागून कोणीतरी माझ्या जॅकेटचा पट्टा घट्ट धरला.

"मी धरलंय," दादा म्हणाला. "तू बघ. वळू नकोस."

मी बोट पाहुण्याकडे फिरवत राहिले. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "त्याची डांगरी आहे."

"हो."

इतक्या दिवसांत मी त्याला दिलेलं ते पहिलं उत्तर. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. ते बघायला मी आले होते, आणि ते दिसत नव्हतं म्हणूनच विचारता आलं. "दादा, तुला कळलं होतं?"

वारा होता, मला वाटलं त्याने ऐकलं नसेल.

"हो," तो म्हणाला. "त्याने हाक मारली ना. आधी नेहमीसारखी. 'खांबा, बघतोयस ना!' मग अजून एकदा मारली." त्याने पट्ट्यावरची पकड बदलली. "ती तशी नव्हती."

"आणि तू?"

"म्हाताऱ्याचं डोकं खालीवर होत होतं गं. मी एकदा जरी वळलो असतो..."

पट्टा धरलेला त्याचा हात हलायला लागला आणि त्याबरोबर मीही हलायला लागले. मग तो रडला. चौकशीत नाही, अंत्यविधीला नाही, आईजवळ नाही, आता माझ्या पाठीमागे, मोठ्याने, लहान मुलासारखा. माझ्या आतली भूल एकदम उतरली आणि दुखायला लागलं, इतकं की वाटलं गरकन वळावं आणि याच्या थोबाडीत मारावी, किंवा याला जवळ घ्यावं. काय केलं असतं ते मला आजही सांगता येणार नाही.

पाण्यात काय होतं? रिकाम्या बाटल्या, वाळू आणि बुचाचा गोळा. मीच भरलेलं. त्याच्यावरून माझी नजर सुटली असती तर कोणाचं काहीही बिघडणार नव्हतं. आणि मागे माझा सख्खा भाऊ रडत होता.

लाटेआडून निळं ठिगळ पुन्हा वर आलं. मी बोट त्याच्याकडे धरून उभी राहिले. वळले नाही.