मुकादमाचे बेचाळीस कागद

माझ्या ताईने उभ्या आयुष्यात कुणावर हात उचलला नाही, कुणाला शिवी दिली नाही. तिची शिक्षा एकच. ज्याच्यावर तिने डूख धरला त्याची चप्पल ती शिवत नाही. माणूस दुकानात आला की त्याला बसायला स्टूल देणार, प्यायला पाणी देणार, त्याचा बूट उलटासुलटा करून नीट बघणार आणि परत त्याच्या हातात ठेवून म्हणणार, "या माणसाची चप्पल मी शिवत नाही." जणू तो माणूस तिथे नाहीच, आणि ती तिसऱ्याच कुणाला तरी माहिती देतेय.

हेडमास्तरांना तिने असं बावीस वर्षं परत पाठवलं. वडिलांची नजर गेली तेव्हा ताई सातवीत होती. तिने शाळा सोडली, त्यांची चपला शिवायची आरी हातात घेतली आणि पुढच्या वर्षी मला शाळेत घालायला स्वतः घेऊन गेली. हेडमास्तर हसत हसत म्हणाले, "दोघींतली एक तरी शिकतेय. हिच्या डोक्यात तसंही काही शिरत नव्हतं." ते विसरून गेले. ताईच्या मनात ती दगडावरची रेघ झाली. पुढे ते काठी टेकत यायला लागले, तरी टाच निखळलेला बूट तसाच घेऊन परत जायचे. मी एकदा म्हटलं, "अगं, थकले ते आता." ताई म्हणाली, "बोलताना नव्हते थकले."

मी शिकले, त्याच शाळेत कारकून झाले, निवृत्तही झाले. लग्न दोघींनीही केलं नाही. मला कुणी पसंत पडला नाही आणि ताईला कुणी पसंत करायची हिंमत केली नाही. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो, आणि आमच्यावर देखरेख करायला मुकादम. हा आमचा कुत्रा. पिल्लू होता तेव्हापासून दुकानाच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे बूट हुंगायचा. काम शून्य, रुबाब मुकादमाचा, म्हणून ते नाव. ताई जगात एकट्या त्याच्याशी लाडात बोलते. माझ्याशी ती हातोडी हातात घेऊन बोलते.

ताईची काम करायची एक पद्धत आहे. पाय दुखतो म्हणून कुणी आलं की ती आधी बुटाला हात लावत नाही. ओल्या फडक्यावर पाय ठेवायला लावते, मग खडूची पूड पसरलेल्या पत्र्यात, मग जमिनीवर पसरलेल्या खाकी कागदावरून चालवते. पांढरे ठसे उमटतात. कुठे भार पडतो, कुठे माणूस पाय चोरतो, ते तिला त्यात वाचता येतं. आणि तिचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टाच उंच केली तर आतली गादी त्याच दिवशी घालायची नाही. "दोन्ही एकदम केलं तर दुखणं कशाने गेलं ते कळणार कसं?" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय.

मुकादम अकरा वर्षांचा झाला आणि त्या थंडीत त्याला दुकानाच्या तीन पायऱ्या चढवेनात. पुढचे पाय वर ठेवायचा आणि मागचं धूड खालीच राहायचं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी हाडांचा फोटो काढला आणि मागच्या उजव्या पायाच्या खुब्यात संधिवात असल्याचं सांगितलं. "रोज एक गोळी, जेवणाबरोबर. वजन तीन किलो कमी करा. आणि गोळी मनाने बंद करायची नाही, काही वाटलं तर आधी मला विचारायचं."

मी विचारलं, "सांध्यांसाठी ते वरचं काहीतरी मिळतं ना? डब्यांत?"

"माशाच्या तेलाचा थोडाफार उपयोग होतो. बाकीच्या पावडरींचं म्हणाल तर कुणाला फरक वाटतो, कुणाला नाही. द्यायची तर द्या. पण गोळीच्या जागी नाही."

आमच्या दुकानासमोर पाळीव प्राण्यांच्या सामानाचं दुकान आहे. मालकाला आम्ही आपसांत गोडबोल्या म्हणतो. त्याच्या जिभेवर इतकी साखर की मुंग्या कशा लागत नाहीत याचंच नवल. त्याच्याकडे सांध्यांच्या औषधांचं एक अख्खं कपाट होतं. ताईने एकेक डबा उचलून मागचं बारीक अक्षर वाचायला सुरुवात केली. तिला एक साधी काळी बाटली बरी वाटली. तिच्यावर माशाचं तेल किती, दर किलो वजनामागे किती द्यायचं, कुणी केलं, कुठे केलं, सगळं लिहिलं होतं. मला मात्र आवडला सोनेरी डबा. त्यावर एक कुत्रा हवेत झेपावलेला. ताई म्हणाली, "धाकटे, यावर बारा औषधांची नावं आहेत आणि एकाचंही माप नाही. ज्या डिंकाच्या डब्यावर बारा कामं लिहिलेली असतात ना, तो एकही काम धड करत नाही."

"मोठ्या बहिणीपेक्षा धाकट्या बहिणीला जास्त पारख आहे," गोडबोल्या म्हणाला. "सहा आठवडे द्या. पळेल."

मी फुगले आणि डबा घेतला. घरी आल्यावर ताई म्हणाली, "आधी नुसती गोळी देऊ. महिन्याने हे." मी म्हटलं, "दोन्ही दे गं एकदम! जनावराच्या जिवाशी कसले नियम?" तिने माझ्यासाठी नियम मोडला. असं ती फार क्वचित करते, आणि केलं की मलाच महागात पडतं.

चौथ्या दिवशी मुकादम तिन्ही पायऱ्या चढून आपल्या जागेवर जाऊन बसला. ताईने गुडघ्यावर बसून त्याचं तोंड ओंजळीत घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

दोन आठवड्यांनी गोडबोल्याच्या काचेवर मुकादमाचा हा एवढा फोटो लागला. रस्ता ओलांडताना त्याने मोबाईलवर टिपला होता. खाली छापलेलं होतं, 'आम्ही म्हणतो सहा आठवडे, मुकादम उठला चार दिवसांत!' बाजूला सोनेरी डब्यांचा मनोरा.

ताई आरी खाली ठेवून तशीच समोर गेली. मी मागोमाग. दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं होती.

"तो गोळ्यांनी उठलाय. काचेवरचा फोटो उतरवा."

"डबा आमचाच नेलात ना, ताई?"

"नेला."

"रोज दिलात ना? मग गोळीने उठला की डब्याने, हे तुम्हाला कसं कळलं?" तो गिऱ्हाइकांकडे बघून हसला. "राग मानू नका. तुमचं शिक्षण किती, हे मी विचारत नाही. तुम्ही टाचा बघा, सांध्यांचं आम्ही बघतो. पायातली वहाण पायातच बरी."

दोघं-तिघं हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई वळून बाहेर पडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बरोबर बोलला तो. मला कसं कळलं? दोन्ही एकदम दिलं. तुझं ऐकलं."

त्या संध्याकाळी तिने गोळ्यांची पाकिटं खिळ्यांच्या खणात ठेवली आणि खण लावून घेतला.

"हे काय?"

"गोळी बंद. नुसता डबा. सहा आठवडे म्हणतोय ना तो? सहा तर सहा. रोज सकाळी कागद."

"ताई, त्याला दुखेल."

"दुखेल थोडं. त्या माणसाला जास्त दुखेल."

इथे मी स्वतःला वाचवणार नाही. मी एकदाच बोलले, दुसऱ्यांदा नाही. मलाही ते हसणारे चेहरे डोळ्यांपुढून जात नव्हते. उलट रोजच्या कागदावर तारीख घालायचं काम मी आपणहून घेतलं. शाळेच्या दाखल्यांवर लिहायचे तशा वळणदार अक्षरात मी तारखा लिहिल्या. त्या दिवसांइतकी ताई खुशीत मी कधी पाहिली नाही. टाचा ठोकताना ती शीळ घालायची.

रोज सकाळी ती मुकादमाचे पंजे ओल्या फडक्याने पुसायची, पुडीच्या पत्र्यात ठेवायची, कागदाच्या दुसऱ्या टोकाला उकडलेल्या अंड्याचा तुकडा घेऊन बसायची. पहिल्या दिवशी चारही ठसे ठसठशीत होते. दुसऱ्या आठवड्यात मागचा उजवा फिका झाला. चौथ्यात ठशाच्या मागे एक बारीक रेघ यायला लागली. नखं घासत होती. ताई बोट ठेवून म्हणायची, "बघ, पाय उचलतच नाहीये." आणि तिच्या आवाजात आनंद असायचा. शेवटच्या आठवड्यात तो पायऱ्यांकडे जाईनासाच झाला. काउंटरखाली पोत्यावर पडून असायचा. ताई म्हणायची, "थोडे दिवस, राजा. आलंच आपलं."

बेचाळीस कागद झाले. त्रेचाळिसाव्या दिवशी, रविवारी, ताईने त्यातले सात निवडून आमच्या काचेवर ओळीने लावले आणि मी वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हाच तो मुकादम. गोळी बंद. फक्त समोरचा सोनेरी डबा. सहा आठवडे.'

दहाच्या सुमाराला माणसं थांबायला लागली. अकराला दारात गर्दी झाली. मग गोडबोल्या आला. आज साखर संपली होती.

"खडूच्या ठिपक्यांनी काय सिद्ध होतं? तुमच्या अंगात आलं म्हणून उगाच..."

"चला की यावरून," ताई म्हणाली आणि जमिनीवर कोरा कागद पसरला. "चार पावलं. घाबरताय का?"

इतकी माणसं बघताहेत म्हटल्यावर त्याला चालावंच लागलं. ताईने ठसे बघितले, चष्मा पुसला, पुन्हा बघितले. अजिबात घाई केली नाही.

"डावी टाच दुखते. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं फार. वर्ष तरी झालं असेल."

"काहीतरीच! मला काही दुखत नाही."

समोरच्या दारातून त्याच्या बायकोचा आवाज आला, "मग रोज सकाळी कण्हता ते खोटं का हो?"

सगळे हसायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "सोनेरी डबा घ्या की! पळाल!" गोडबोल्याचा चेहरा लालबुंद झाला. जाताजाता हळूच, फक्त ताईला ऐकू जाईल असं म्हणाला, "यावर काही करता येतं का? टाचेवर?"

ताईने त्याची चप्पल उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि त्याच्या हातात ठेवली. "या माणसाची चप्पल मी शिवत नाही."

दुपारपर्यंत समोरचा फोटो उतरला आणि डब्यांचा मनोराही. खोटं कशाला बोलू, इतकं सुख मला निवृत्तीच्या दिवशीही झालं नव्हतं. गर्दी पांगली. ताई काचेवरचे कागद काढून गुंडाळी करत होती आणि मी आतून हेडमास्तरांची नक्कल करून तिला हसवत होते.

कागदाचा आवाज ऐकून काउंटरखाली मुकादम उठला. म्हणजे उठायला लागला. पुढचे पाय रोवले, मागचं अंग दोनदा खाली बसलं, तिसऱ्यांदा उचललं गेलं. तो सरळ पुडीच्या पत्र्याकडे गेला, आपणहून आत उभा राहिला आणि मग चालायला लागला. खाली कागद नव्हता. नुसत्या फरशीवरून तो पाय ओढत चालला, भिंतीपर्यंत गेला, वळला आणि ताईकडे बघून शेपूट हलवू लागला. फरशीवर तीन पायांचे ठसे आणि एक लांब पांढरी रेघ होती.

तो अंड्यासाठी उठला नव्हता. अंडं तर दिसतच नव्हतं. ताईला हे हवं असतं, एवढं त्याला कळलं होतं.

ताईच्या हातातली गुंडाळी सुटली. ती त्या रेघेकडे बघत राहिली. मी म्हटलं, "ताई, जिंकलो ना आपण." ती म्हणाली, "गप्प बस."

रविवार असूनही डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. मुकादमाच्या मांडीवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. "मांस गेलंय पायावरचं. गोळी कुणी बंद केली?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताई म्हणाली, "मी."

"का?"

जी बाई बावीस वर्षं हेडमास्तरांना पुरून उरली, ती टेबलाचा काठ धरून उभी राहिली.

"गोळी परत सुरू करू. थोडं भरून येईल," बाई म्हणाल्या. "सगळं नाही येणार."

आता गोळी रोज असते. सोबत ती काळी बाटली आहे, मी कधी नीट बघितलीच नव्हती ती. ताई माप डोळ्यांसमोर धरून ओतते. पायऱ्यांवर तिने फळी टाकून घसरू नये म्हणून वर बुटाचा रबरी तळ ठोकलाय. त्यावरून मुकादम हळूहळू वर येतो. तिसऱ्या पायरीवर कधी कधी थांबतो, ताई मागून हात लावते, मग बसतो आपल्या जागेवर. बेचाळीस कागद तिने फाडले नाहीत. तिच्या उशालगतच्या पेटीत आहेत. त्याबद्दल मी विचारत नाही.

पण परवा एक गोष्ट विचारली. ताई भाजी घेऊन आली तेव्हा तिच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तिथे सुतळी बांधलेली. आठवडाभर ती तशीच फरफटत चालत होती. मी म्हटलं, "अगं, अख्ख्या गावाच्या चपला शिवतेस, स्वतःची दोन टाके घालून घे की."

ताईने चप्पल पायातून काढली, उलटीसुलटी करून नीट बघितली आणि परत जमिनीवर ठेवली.

"या बाईची चप्पल मी शिवत नाही," ती म्हणाली, आणि सुतळी घट्ट करून मुकादमाला गोळी द्यायला गेली.