एकाहत्तर किलोचे भाऊजी

“आई, हे काय वय आहे का तुझं?”

“माझं वय राहू दे. तुझ्या बाबांचं वजन किती, ते बोल.”

“तेच तर म्हणतोय. तुला झेपणार नाही. माझ्या घराजवळ ते शुश्रूषा केंद्र आहे, तिथं उचलायला चोवीस तास माणसं असतात.”

“माणसं असतात. मी नसते.”

व्यायामाच्या सामानाच्या दुकानात मायलेकांची जुंपली होती. मुलगा दाराकडे तोंड करून उभा होता आणि आई, चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवलेली शिंपीणबाई, एका भल्यामोठ्या मशीनच्या गादीवर ठाण मांडून बसली होती. दुकानदार कधीकाळी वजनं उचलणारा गडी. मान अशी नव्हतीच त्याला, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. त्यानं अदबीनं विचारलं, “काकू, नक्की काय उचलायचंय?”

“नवरा.”

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “किती किलोचे आहेत?”

“एकाहत्तर. उजवं अंग गेलंय. पलंगावरून खुर्चीत घ्यायचे, खुर्चीतून परत पलंगावर.”

“मग या मशीनवरून उठा आधी. हिच्यातलं वजन रुळावरून सरकतं, शहाण्यासारखं. माणूस असा सरकतो का?”

“आमचे तर मुळीच नाही.”

दुकानदार हसला. लोखंडी दांडाही त्यानं बाजूला सारला. तो ताठ असतो, माणूस ढिला पडतो, हातातून निसटतो. त्यानं सहा किलोची एक केटलबेल तिच्या हातात दिली, कडीवाला लोखंडी गोळा. तो छातीशी धरून खुर्चीवर बसायचं, उठायचं. वाकायचं ते गुडघ्यांतून, कंबरेतून नाही. आणि पुढं वाळूची पिशवी, तिच्यात हळूहळू वजन वाढवत न्यायचं. पिशवी आणली तशी बाईंनी ती उलटी केली, शिवणीवरून नख फिरवलं आणि नाक मुरडलं.

“एकेरी शिवण. महिन्यात उसवेल. गोळा द्या, पिशवी माझी मी शिवते.”

बाहेर आल्यावर मुलानं अट घातली. “तीन महिने. माझ्यासमोर आधी पिशवी उचल, पूर्ण वजनाची. नाही जमलं तर बाबा केंद्रात. मग रडारड नको.”

“मी कधी रडले रे?” ती म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली.

घरी येताच तिनं जाड कॅनव्हास काढला आणि मापांची वही उघडली. नवऱ्याचं पान तिला न बघताही पाठ होतं. छाती चाळीस, कंबर अडतीस. त्या मापानं तिनं धड बेतलं, खांदे काढले, दुहेरी शिवण मारली. वाळूच्या एकेक किलोच्या पुरचुंड्या शिवल्या. पलंगावर पडून नवरा सगळं बघत होता. पूर्वी शाळेची बस चालवायचा. आता शब्द सावकाश यायचे, पण खोड गेली नव्हती.

“हा... कोण?”

“तुमचं सोंग.”

“माझ्यासारखाच दिसतो. भाऊच असणार.” तो दम खाऊन म्हणाला, “भाऊजी म्हण. मान दे.”

झालं, त्या दिवसापासून पिशवीचे भाऊजी झाले. सकाळचा चहा झाला की बाई ओचे खोचून उभी. पहिल्या दिवशी भाऊजी सहा किलोचे होते, मग दर एक-दोन दिवसांनी एक पुरचुंडी वाढायची. नवरा पलंगावरून हुकूम सोडायचा, “गुडघे. गुडघे. भाऊजींना असं लोंबकळवू नकोस, घरंदाज माणूस आहे.” ती हसायची आणि हसली की पकड सुटायची, मग त्यालाच ओरडायची. एकदा मांडीत अशी उसण भरली की चार दिवस लंगडली. पण मुलाला फोनवर कळू दिलं नाही.

तीन महिने भरले तेव्हा ती पंचावन्नपर्यंत पोचली होती. त्यापुढं भाऊजी ढिम्म हलेनात.

ठरल्या दिवशी मुलगा आला. एकाहत्तर पुरचुंड्या त्यानं स्वतः मोजून भरल्या. बाई वाकली, गुडघ्यांतून. मिठी घातली, श्वास धरला. भाऊजी पलंगापासून चार बोटं सुटले आणि धप्पकन परत बसले. दुसऱ्यांदा तेवढेही सुटले नाहीत.

“बास, आई,” मुलगा हळूच म्हणाला. “तू केलंस तेवढं खूप केलंस.”

“तो... जाड आहे,” पलंगावरून आवाज आला. “माझं माप घे.”

“तुमचं माप आहे माझ्याकडे.”

“कधीचं?”

तिनं वही उघडली. पानावर तारीख होती, मुलाच्या लग्नातल्या कोटाची. सात वर्षं झाली होती. नवं माप घेतल्याशिवाय जिनं कुणा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला कात्री लावली नाही, तिनं घरच्या माणसाला आठवणीवर बेतलं होतं. एकाहत्तरचा आकडाही तेव्हाचाच. रोज अंग पुसताना हाताला लागत होतं ते तिनं मनाला लागू दिलं नव्हतं.

टेप छातीभोवती आली आणि चाळीसच्या कितीतरी अलीकडेच मिळाली. चौतीस. तिनं पुन्हा घेतलं. पुन्हा चौतीस.

मुलानं वजनकाटा आणला. आधी एकटा उभा राहिला, मग वडलांना उचलून घेऊन. उचलतानाच त्याचा चेहरा उतरला. आकडा वाचायला त्याला वेळ लागला.

“त्रेपन्न,” तो म्हणाला.

बाई खाली बसली आणि भाऊजींच्या पोटातून एकेक पुरचुंडी काढू लागली. अठरा काढल्या. मग भाऊजींना उचलून खुर्चीत ठेवलं, परत पलंगावर घेतलं आणि बाजूला सारलं. नवऱ्यानं डावा हात तिच्या गळ्यात टाकला. ती वाकली, उठली, वळली आणि त्याला खुर्चीत अलगद बसवलं. सदऱ्याची कॉलरसुद्धा नीट केली.

मुलगा खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. “केंद्राला नाही म्हणून कळवतो,” तो तिकडूनच म्हणाला.

खुर्चीतून नवरा तिच्याकडं बघत होता, स्वारी खुशीत होती. “बघ. हलका झालो ते... बरंच झालं की नाही, गं?”

तिनं जमिनीवरच्या पुरचुंड्या पदरात गोळा केल्या, अठराच्या अठरा, आणि त्याच्याकडं न बघता स्वयंपाकघरात निघून गेली.