अण्णांच्या पायाला लागलेला गारवा

आधीच सांगते... हे वाचून कुणी 'बघा, असतंच काहीतरी' म्हणत माझ्याकडं येऊ नका. मुरुम गावाजवळच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी. भानामती, उतारे, अंगात येणं — सगळ्याची वर्गात चिरफाड केलीय. आणि माझेच वडील, अण्णा, पाणाडे! तळहातावर नारळ ठेवून रानोमाळ फिरायचे, नारळ उभा राहिला की लोक तिथं बोअर घ्यायचे. सहा वर्षांपूर्वी आमच्याच रानात त्यांनी जागा दाखवली. चारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. मशीनभोवती अर्धा गाव उभा होता, आणि मी सगळ्यांदेखत बोलले, "अण्णा, बास करा आता लोकांना फसवणं." त्यांनी नारळ खाली ठेवला तो ठेवलाच. माझ्याशी बोलायचे, पण जेवढ्यास तेवढं.

गेल्या हिवाळ्यात लेकीनं आम्हा दोघांना कोरियाला नेलं. ती राजधानीत, सोलमध्ये नोकरीला आहे. शहर लई भारी, खोटं कशाला बोलू... काचेचे चाळीस-चाळीस मजले आणि त्यांच्या पायथ्याशी कौलारू घरं. राजवाड्याच्या दारात जुन्या पद्धतीचे घेरदार झगे घातलेल्या पोरी मोबाईलवर बोलत होत्या. अण्णा म्हणाले, हे लोक जुनं पाडत न्हाईत, नुसतं बाजूला सरकून बसतेत.

भर दुपारी एका गल्लीतल्या जुन्या घरात चहाला गेलो. लेकही तिथं पहिल्यांदाच येत होती — हे मी तिला नंतर दोनदा विचारून घेतलं. दारात चपला काढायच्या, खाली गादीवर बसायचं. थंडीमुळं तिथली जमीन आतून तापवलेली असते. अण्णा कोपऱ्यातल्या गादीपाशी गेले आणि थबकले. मोजे काढले. मग गादी हातभर बाजूला ओढली.

"इथं न्हाय बसत. खाली हीर हाय. पाच परस."

एक परस म्हणजे माणूसभर. विहीर मोजायचं आमच्याकडचं जुनं माप. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दबक्या आवाजात म्हटलं, इथं तरी नको, गप बसा. पण मालकीणबाई, सत्तरीच्या आजी, काय झालं म्हणून विचारायला आल्या आणि लेकीनं हसत हसत सांगून टाकलं. आजी हसल्या नाहीत. आत जाऊन एक फोटो घेऊन आल्या. त्यात त्या अगदी तरुण, विहिरीतून पाणी ओढताना... शेजारी तोच लाकडी खांब, जो आत्ता अण्णांच्या पाठीशी होता. पूर्वी तिथं अंगण होतं, विहीर बुजवून वर घर वाढवलं, असं त्यांनी सांगितलं. किती खोल होती? नऊएक मीटर असेल, म्हणाल्या. म्हणजे पाच परसच.

मी गुडघे टेकून ती जमीन हातानं चाचपली. सगळीकडं सारखीच ऊब. ठोकून पाहिली, कुठं पोकळ आवाज नाही. भिंतीवर फोटो नाही, पाटी नाही.

बाहेर पडल्यावर विचारलं, कसं कळलं?

"पायाला गार लागलं."

"मग आपल्या रानात?"

अण्णा चालता चालता थांबले. "तवा चुकलं माजं. पर म्या फसवलं न्हाय कुणाला."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं आजही नाही. आणि पाणी असं सापडतं यावर माझा आजही विश्वास नाही! एका बरोबर उत्तरानं काही सिद्ध होत नसतं. उद्या कुणी अण्णांकडं बोअरची जागा विचारायला आलं तर मीच दारातून परत पाठवीन. पण चुकणं आणि फसवणं यातला फरक एवढ्या शिकलेल्या बाईला कळू नये? भर गावात बोललेला शब्द घरात बसून परत घेता येत नाही. म्हणून इथं, सगळ्यांदेखत लिहिते — अण्णा, तुम्ही कुणाला फसवलं नाही. माझं चुकलं.