सुनेच्या पापण्यांचं कौतुक

नफोसत लग्नाआधी उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या रेशीम कारखान्यात कामाला होती आणि तिथे तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. मुकादम बाईसुद्धा तिच्याशी जपून बोलायची. त्यामुळे लग्नानंतर चार महिन्यांत तिची सासू होजारखोन मोहल्लाभर सुनेच्या शालीनतेचे गोडवे गाऊ लागली, तेव्हा कारखान्यातल्या मैत्रिणींना हसू आवरेना.

होजारखोनला घरीदारी सगळे अया म्हणत. "पापणी वर उचलत नाही गं माझी सून!" द्राक्षांच्या मांडवाखाली जमलेल्या बायकांना अया सांगायची. "आणि चहा कसा ओतते बघा, चहाच्या वाटीच्या तळाशी दोनच घोट, म्हणजे पाहुणा पुन्हा पुन्हा मागेल. पाहुण्याचा मान कळतो तिला. नाहीतर आमची शेजारीण! काठोकाठ भरून देते. म्हणजे प्या आणि चालते व्हा!"

नफोसत किटली धरून उभी असायची आणि आतल्या आत जळायची. पापण्या ती झुकवत नव्हती, त्या आपोआप पडत होत्या. किटली पेलवत नव्हती, म्हणून चहा थोडा. समोरच्या एका बाईच्या दोन बाया दिसत. नान चावता चावता जबडा दमायचा, मग हनुवटीला हाताचा टेकू द्यावा लागे. त्यावर अयाचं ठरलेलं, "खाणंसुद्धा चिमणीएवढं!"

तिने सांगितलं नाही असं नाही. नवरा मुरोदिल म्हणाला, "दमली असशील, झोप." आई फोनवर खुशीत म्हणाली, "दिवस गेले असतील, बघ!" अयाला तर तिने चारदा सांगितलं. "नव्या सुनेला काम जिवावर येतंच गं," अया म्हणाली. सकाळी गल्लीतल्या दवाखान्यात नेलं, तर झोप झालेली नफोसत ठणठणीत. डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि संध्याकाळी पुन्हा जीभ जड. तिच्या जिवाला घोर लागला. एक दिवस घास घशात अडकणार आणि या बाया म्हणणार, किती शांतपणे गेली बिचारी.

मग एकदा पाहुण्यांसमोर तिने घेतलेला चहा नाकातून परत आला. यात शालीनता कुणालाच सापडेना. अया शरमेने लाल झाली आणि फर्गाना शहरातल्या मोठ्या इस्पितळात जायचं ठरलं.

एवढ्या महिन्यांत नफोसतला एक कळून चुकलं होतं. विसावा घेतला की दुखणं दडी मारतं. म्हणून जायच्या दिवशी तिने परातभर कणीक मळली, अंगण झाडलं, रजया झोडपल्या.

"अगं, आज तरी बस की!" अया ओरडली.

"आज दुखण्याला सोबत न्यायचंय," नफोसत धापा टाकत म्हणाली.

डॉक्टरीण बाईंनी तिला छताकडे बघायला लावलं. वीस आकडे मोजून होण्याआधीच पापण्या घसरल्या. बाईंनी रुमालात गुंडाळलेला बर्फ एका पापणीवर धरला आणि दोन मिनिटांनी उचलला. तो डोळा टक्क उघडा! "गारव्याने दमलेल्या स्नायूला घटकाभर जोर येतो," बाई म्हणाल्या. सुनेचा डोळा इतका सरळ अयाने कधी पाहिलाच नव्हता. त्यात लाज नावालाही नव्हती. राग होता. अया खुर्चीवर बसली.

रक्त तपासलं, छातीचे फोटो काढले. छातीच्या हाडामागे गाठ निघाली.

"तिथे एक ग्रंथी असते," बाई म्हणाल्या. "शरीराचे पहारेकरी तिथे शिकतात, आपलं कोण आणि परकं कोण. हिच्या त्या शाळेतच गाठ वाढलीय. तिथून चुकीचं शिकून बाहेर पडलेले हिच्याच स्नायूंवर उठलेत. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचूच देत नाहीत."

"गाठ काढली की संपलं ना?" अयाने विचारलं.

"काढावी तर लागेलच. पण आधीच शिकून बाहेर पडलेत, त्यांचं काय? गोळ्या चालू राहतील. महिने लागतील, कदाचित वर्षं."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी अया खाटेशेजारी बसली होती. बराच वेळ डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाशी चाळा करत राहिली आणि एकदम रडू लागली. "पोरी, तुझं दुखणं मी मोहल्लाभर मिरवलं गं!"

अशा वेळी सुनेने काय म्हणायचं असतं ते नफोसतला ठाऊक होतं. असं नका बोलू, अया, तुमची काय चूक. तिने तोंड उघडलं. दुपारच्या गोळीचा जोर ओसरत आला होता, आवाज थोडाच उरला होता, आणि तो खोटं बोलण्यात घालवायची तिची तयारी नव्हती.

"हो, अया," ती म्हणाली. "मिरवलंत."