काबूलची लाइन, आर्वीची लाइट

मार्च २००६, आर्वीचं सायबर कॅफे, तासाला वीस रुपये. हजर तिघे: मालक, मी आणि रोज येणारे एक म्हातारे. त्यांचा मुलगा काबूलमध्ये इंटरनेट चालू ठेवण्याच्या कामावर होता. म्हातारे काही लिहीत नसत. चॅटच्या पडद्यावर मुलाच्या नावापुढचा, तो ऑनलाइन असल्याचा हिरवा दिवा पाहून उठत. त्या दिवशी दिवा नव्हता, आणि सकाळीच तिकडे स्फोट झाल्याची बातमी होती. ते अर्धा तास गुडघा चोळत बसले होते, तोच इथली वीज गेली.

“तिथं लढाईत पोरगा लाइन चालू ठेवून राह्यला, अन् तुही लाइट काऊन जाते रे?”

“लोडशेडिंग हाये, काका.”

दीड तासाने वीज आली. हिरवा दिवा दिसला. मालकाने विचारलं, “निरोप लिहू?”

“नको. त्याले काम करू दे.”

मालक नको म्हणत असताना त्यांनी अंधारात बसलेला वेळही धरून चाळीस रुपये त्याच्या हातावर ठेवले.