हिरामावशींचं शून्य

मंडळी, आज बोईसरच्या एका दवाखान्यात माझी स्मरणशक्ती तपासली. "काका, आज तारीख काय?" तपासणाऱ्या मुलीने विचारलं. मी अडखळलो. तिने वर न बघताच शून्य लिहिलं.

आणि मला माझीच किळस आली.

ऐंशीच्या दशकात, कॉलेजात असताना, मीही हेच केलंय. म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायला शहरातून एक साहेब आले होते. त्यांचे फॉर्म मी भरायचो. दांडी गावात म्हाताऱ्या हिरामावशी बोंबील वाळत घालत होत्या. मी तारीख विचारली.

"तारीक म्हाईत नाय, बाला. आज अष्टमी हाय. भांगाचं पानी, भरती मोटी येनार नाय."

याच हिशोबावर त्यांच्या घरची होडी समुद्रात जायची. साहेब हसले. "शून्य लिही." मी लिहिलं.

मग मावशींना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्यांनी जन्मात पेन्सिल धरली नव्हती. पुन्हा शून्य. शेवटी शेरा, "बुद्धी मंदावली आहे." माझ्याच सुवाच्य अक्षरात.

शी! बुद्धी कुणाची मंदावली होती?

आज तिथी कोणती? पाणी उधाणाचं की भांगाचं? फोन न बघता सांगा.

नाही ना येत? मग लिहू तुमच्याही नावापुढे शून्य?